मेपल सिरप: दोन्ही वेळा १०४ लाच उतरवलं, तरी एक पातळ आणि एकात खडे. थर्मामीटर चुकतोय का?

पानगळ | १६ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही ओटावाच्या पश्चिमेला राहतो, मागच्या अंगणात सहा शुगर मेपल आहेत आणि सिरप करायचं हे माझं तिसरं वर्ष. पद्धत साधीच आहे, बाहेर प्रोपेन बर्नरवर मोठ्या पसरट पॅनमध्ये सॅप (म्हणजे मेपलच्या झाडाचा गोडसर रस) आटवायचा, रंग धरायला लागला की घरात आणून स्टोव्हवर खोल पातेल्यात शेवटचा टप्पा करायचा आणि १०४ सेल्सिअस दिसलं की उतरवायचं.

गेल्या दहा दिवसांत दोन घाणे काढले. थर्मामीटर तोच, पातेलं तेच, दोन्ही वेळा आकडा १०४. पहिला घाणा गार झाल्यावर पाण्यासारखा पातळ वाटला, यंदा हौसेने घेतलेला हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) टाकला तर साडेत्रेसष्ट ब्रिक्स, म्हणजे साखर साडेत्रेसष्ट टक्के; हवी ६६. दुसरा घाणा जवळजवळ ६९, आणि आज बघतोय तर बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे धरलेत.

एवढा सॅप गोळा करायचा, पाच पाच तास थंडीत उभं राहून आटवायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत असं व्हावं याचं फार वाईट वाटतं. थर्मामीटर बदलू का? कुठला घेऊ?

---

भिंगरी | १६ मार्च, रात्री १०:०५

मांस भाजताना टोचायचा डिजिटल थर्मामीटर वापरताय का? त्यातले बरेचसे पूर्ण अंशच दाखवतात, म्हणजे १०३.५ आणि १०४.४ दोन्ही १०४ च दिसणार. बदला, दशांश दाखवणारा घ्या.

---

पानगळ | १६ मार्च, रात्री १०:१२

नाही भिंगरीताई, दशांशवालाच आहे. दोन्ही वेळा १०४.० बघूनच उतरवलं. म्हणून तर डोकं चालेना.

---

खटपट्या | १६ मार्च, रात्री १०:३०

थर्मामीटर फेकू नका हो, तो बिचारा खरं बोलत असेल. आधी सांगा, त्या दोन दिवशी साधं पाणी किती अंशाला उकळत होतं?

---

पानगळ | १६ मार्च, रात्री १०:३४

१०० ला. म्हणजे बघितलं नाही, पण पाणी १०० लाच उकळतं ना?

---

खटपट्या | १६ मार्च, रात्री ११:१५

तिथेच सगळी गोम आहे. पाणी १०० ला उकळतं ते हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल असेल तेव्हा. दाब वाढला की उकळबिंदू वर सरकतो, कमी झाला की खाली. साधारण ३६ हेक्टोपास्कलला एक अंश सेल्सिअस, किंवा फॅरनहाइट आणि इंचाच्या भाषेत एक इंच पाऱ्याला पावणेदोन अंश फॅरनहाइट.

सिरपचा नियम "१०४ ला उतरवा" असा नाहीच आहे मुळात. नियम असा की त्या दिवशी, त्या जागी पाणी ज्या अंशाला उकळतंय त्याच्या ७.१ अंश फॅरनहाइट वर, म्हणजे सेल्सिअसमध्ये जवळपास ४. समुद्रसपाटीला सरासरी दाब असेल तर ते २१९ फॅरनहाइट किंवा १०४ सेल्सिअस येतं, आणि लोकांनी तेवढाच आकडा पाठ केला, डब्यांवर छापला, थर्मामीटरवर लाल खूण करून ठेवली. फरक बाजूला पडला.

आणि आपला सीझन कधी तर मार्चमध्ये! रात्री गोठतं, दिवसा वितळतं तेव्हाच सॅप वाहतो, आणि असं हवामान म्हणजे आज कडक ऊन आणि उच्च दाब, परवा वादळ आणि दाब कोसळलेला. त्या दोन दिवसांचा दाब शोधून इथे टाका, मग बोलू.

---

ओवी१२ | १७ मार्च, सकाळी ७:५०

मला एक कळलं नाही. ७.१ फॅरनहाइट कन्व्हर्टरमध्ये टाकलं तर उणे १३.८ सेल्सिअस दाखवतंय. मग पाण्याच्या १४ अंश खाली उतरवायचं का???

---

रसायनवाला | १७ मार्च, सकाळी ८:२०

ओवी, नाही नाही 🙂 कन्व्हर्टर "७.१ तापमान" बदलतोय, आपल्याला "७.१ चा फरक" बदलायचाय. फरकातून ३२ वजा करायचे नसतात, फक्त १.८ ने भागायचं. ३.९४ येतं, तेच ते ४. बरं झालं विचारलंस, हा घोळ खूप जण करतात आणि विचारत नाहीत.

आणि उकळबिंदू का वाढतो तेही सांगतो. पाण्यात साखर विरघळली की पाण्याला वाफ होऊन निसटणं अवघड जातं, बाहेरच्या दाबाला तोडीस तोड वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. पण ही वाढ सरळ रेषेत नाही. ताज्या सॅपमध्ये साखर साधारण २ टक्के, तेव्हा फरक नावालाच. ५० ब्रिक्सला सुद्धा जेमतेम दोन अंश सेल्सिअस. ६० ला तीन, ६६ ला चार, ७० ला पाच. त्यामुळे तासन् तास काटा हलतच नाही असं वाटतं आणि शेवटी बघता बघता पळतो.

याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे: ६६ च्या आसपास एक अंश सेल्सिअस चुकला तर ब्रिक्समध्ये साधारण चारचा फरक पडतो. अर्धा अंश चुकला तरी दोनचा. म्हणून पूर्ण अंश दाखवणारा थर्मामीटर या कामाला चालत नाही, हे भिंगरी म्हणाल्या ते अगदी बरोबर.

---

पानगळ | १७ मार्च, दुपारी १:०५

खटपट्या, शोधलं. पहिल्या घाण्याच्या दिवशी मोबाइलमधल्या ॲपवर १०३८, दुसऱ्या दिवशी ९९४! लक्षातच आलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी बाहेर बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता.

---

टेकडीवरचा | १७ मार्च, दुपारी १:४०

थांबा थांबा, ॲपचा आकडा तसाच घेऊ नका. हवामानाच्या बातम्यांत आणि ॲपमध्ये देतात तो दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, वेगवेगळ्या उंचीवरची ठिकाणं एका नकाशावर दाखवता यावीत म्हणून. तुमच्या स्टोव्हवर खरोखर असलेला दाब तो नाही.

मी व्हर्माँटमध्ये १५०० फुटांवर राहतो. ॲप १०१३ म्हणतं तेव्हा इथे खरा दाब ९६० च्या आतबाहेर असतो आणि पाणी २०९ फॅरनहाइटच्या जरा वर उकळतं. माझा पहिला सीझन सगळा २१९ च्या लाल खुणेवर विसंबून काढला, म्हणजे पाण्याच्या जवळपास दहा अंश वर. मे महिन्यात बाटल्या उघडल्या तर निम्म्याअधिक बाटल्यांत नुसती खडीसाखर. दिसायला फार सुंदर होती, पण सिरप म्हणून वाया गेली. तेव्हापासून लाल खुणेवर चिकटपट्टी लावलीय.

ढोबळ हिशेब असा की दर ५०० फुटांना एक अंश फॅरनहाइट उकळबिंदू उतरतो. पण हिशेब हवा कशाला, स्टोव्ह समोर आहे, पाणी उकळा आणि बघा.

---

रसायनवाला | १७ मार्च, दुपारी २:३०

बरोबर. ओटावाला उंची कमी, साधारण ७० मीटर धरली तर ॲपमधून ८ हेक्टोपास्कल वजा करा. म्हणजे खरा दाब १०३० आणि ९८६.

पहिल्या दिवशी पाणी जवळपास १००.५ ला उकळत असणार, १०४ म्हणजे फक्त साडेतीन अंश वर. उकळबिंदूच्या वाढीच्या त्या वक्रावर साडेतीनला साडेत्रेसष्ट ब्रिक्स येतात. दुसऱ्या दिवशी पाणी ९९.२५ ला, १०४ म्हणजे पावणेपाच वर, तिथे येतात ६९ च्या किंचित खाली.

पानगळ, तुमचा हायड्रोमीटर हेच सांगत होता. म्हणजे तुमचा थर्मामीटरही चांगला आणि हायड्रोमीटरही चांगला. तुम्ही नकळत फार छान प्रयोग केलाय!

---

पानगळ | १७ मार्च, दुपारी २:४४

अंगावर काटा आला वाचून. दोन्ही आकडे जुळले! आता उद्या पाण्याचं बघतोच.

---

अबोली | १७ मार्च, दुपारी ४:१०

एवढं गणित करण्यापेक्षा दोन बोटांत धरून तार बघितली तर? एकतारी पाक झाला की उतरवायचा. माझी तर सगळी भिस्त बोटांवर.

---

उत्तरवारा | १७ मार्च, संध्या. ५:३०

अबोलीताई, बोटांची पारख खोटी नाही, पण सिरपला तार फार उशीर करते. तार स्पष्ट दिसते तेव्हा ते ६६ च्या पुढे गेलेलं असतं, खडे धरणारच. इथले जुने लोक मोठा पसरट डाव बुडवून आडवा धरतात आणि कडेवरून सिरप कसं पडतं ते बघतात. आधी थेंब थेंब पडतात, मग दोन थेंब कडेला एकत्र येतात आणि शेवटी छोट्या पडद्यासारखं पसरून तुटून पडतं. तो पडदा म्हणजे झालं.

क्यूबेकमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शुगर शॅकमध्ये (सिरप आटवायच्या खोपटात) मी दोन सीझन मदतीला जात होतो (जगातलं बहुतेक सिरप त्याच प्रांतातून येतं, तिथे हे सगळे जण लहानपणापासून बघत आलेले असतात). आजोबा पडदा बघायचे आणि तरी लगेच हायड्रोमीटर टाकायचे. साठ वर्षं करणारा माणूस नुसत्या नजरेवर बाटली भरत नव्हता, ते माझ्या कायम लक्षात राहिलंय.

---

अबोली | १७ मार्च, संध्या. ५:५२

हं. म्हणजे माझ्या बरणीत दर वर्षी तळाला खडे येतात ते यामुळे. मला वाटायचं चांगल्या सिरपचं लक्षणच ते.

---

भिंगरी | १७ मार्च, संध्या. ६:१५

अबोली, ते खडे टाकू नकोस मात्र, चहात घाल, अप्रतिम लागतात!

अवांतर: माझं परवा फेस येऊन सगळं उतू गेलं, स्टोव्ह घासता घासता रात्रीचा एक वाजला. त्यावर काय करता?

---

उत्तरवारा | १७ मार्च, संध्या. ६:४०

लोण्याचा हरभऱ्याएवढा खडा. फेस वर चढायला लागला की टाका, क्षणात खाली बसतो. कुणी क्रीमचा थेंब टाकतात. जास्त मात्र नको, चवीत येतं. आणि शेवटच्या टप्प्याला पातेलं खोलच हवं.

---

टेकडीवरचा | १७ मार्च, संध्या. ७:२०

फेसाचा विषय निघालाच आहे तर तो अवांतर नाही, तापमान चुकण्याचं ते एक मोठं कारण आहे. प्रोबचं, म्हणजे थर्मामीटरच्या दांडीचं, टोक फेसात असेल तर आकडा खोटा. वर वाफेत असेल तरी खोटा. पातेल्याच्या बुडाला टेकलं असेल तर धातूचं तापमान दाखवणार. टोक उकळत्या द्रवाच्या मध्ये हवं.

गोल तबकडीवाला काट्याचा थर्मामीटर असेल त्याची गोष्ट अजून वेगळी. त्याचं संवेदन टोकाला नसतं, दांडीच्या खालच्या दोन-अडीच इंचांत पसरलेलं असतं. एक इंच सिरपमध्ये तो बुडवला तर निम्मी दांडी बाहेरची हवा मोजत राहते आणि आकडा कमी दिसतो. छोटा घाणा करणाऱ्यांनी तो वापरूच नये, किंवा पातेलं इतकं अरुंद घ्यावं की दांडी नीट बुडेल. त्याच्या तबकडीमागे एक नट असतो, उकळत्या पाण्यात धरून तो फिरवला की काटा हव्या त्या जागी आणता येतो. मी तर काटा रोज सकाळी पाण्याच्या उकळीवर शून्याला आणतो, मग दिवसभर फक्त "किती वर" एवढंच वाचायचं.

---

ओवी१२ | १७ मार्च, संध्या. ७:४५

बर्फाच्या पाण्यात शून्य बघितलं तर चालेल ना? ते सोपं पडतं.

---

खटपट्या | १७ मार्च, रात्री ८:१०

बर्फाने थर्मामीटर खालच्या टोकाला बरोबर आहे का एवढं कळेल. वरच्या टोकाला तो चुकत असू शकतो, आणि आज पाणी कितीला उकळतंय हे बर्फ कसं सांगणार? दोन्ही प्रश्नांचं उत्तर उकळत्या पाण्यात एकदम मिळतं: हवेचा दाब, उंची आणि थर्मामीटरची स्वतःची चूक, तिन्ही त्या एका आकड्यात येतात. थर्मामीटर अंशभर चुकीचा असला तरी फरक बरोबरच येतो. म्हणूनच मला ही पद्धत इतकी आवडते.

फक्त पाणी खळखळ उकळू द्या, कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नाही. आणि वेगळं पाणी ठेवायचा कंटाळा असेल तर सुरुवातीचा ताजा सॅप पहिल्यांदा उकळतो तेव्हाच आकडा टिपून ठेवा, दोन टक्क्यांचा सॅप आणि पाणी यांत फरक नगण्य. पण सॅपवर दिवस निघून गेला, मध्ये वादळ आलं, तर संध्याकाळी पुन्हा पाणी उकळून बघायचं. दाब सहा-सात तासांत चांगलाच हलू शकतो.

---

रसायनवाला | १७ मार्च, रात्री ८:५०

अनुमोदन. अगदी काटेकोर व्हायचं तर पातेल्यातली खोलीही मोजावी लागेल, पाच सेंटिमीटर सिरपच्या वजनाने तळाशी उकळबिंदू एक-दोन दशांशाने वाढतो. पण प्रोब दरवेळी त्याच खोलीवर ठेवला तर काळजी नको.

---

भिंगरी | १७ मार्च, रात्री ९:१५

माझा मुद्दा वेगळाय. हायड्रोमीटर असताना थर्मामीटर हवाच कशाला? मी तर सरळ हायड्रोमीटर टाकते.

---

उत्तरवारा | १७ मार्च, रात्री १०:००

भिंगरी, शेवटचा शब्द हायड्रोमीटरचाच, मान्य. तो थेट घनता मोजतो, हवेच्या दाबाशी त्याला देणंघेणं नाही. पण तो कधी टाकायचा हे कोण सांगणार? दर दोन मिनिटांनी कप भरून बघत बसलं तर एकीकडे पातेलं पुढे पळतं. मी पाण्याच्या ५ फॅरनहाइट वर गेलं की सावध होतो, ६.५ ला आच बारीक करतो, ७ ला आच बंद करून कप भरतो. बंद करायचं विसरू नका, छोट्या घाण्यात तुम्ही कपाकडे बघताय तेवढ्यात पातेल्यात ब्रिक्स वाढलेले असतात.

हायड्रोमीटरवर दोन लाल रेघा असतात. वरची गरम सिरपसाठी, खालची गारसाठी. वरची रेघ २११ फॅरनहाइटला धरलेली आहे, म्हणजे पातेल्यातून कपात ओतल्या ओतल्या वाचायचं, आणि कपही आधी गरम सिरपने विसळून घ्यायचा. थंडगार धातूच्या कपात ओतलंत आणि फोन आला म्हणून दोन मिनिटांनी वाचलंत, तर सिरप निवून घट्ट होतं, हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि सिरप झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ते पातळच असतं.

दांडीवर वाळलेलं सिरप राहिलं तरी वजन वाढून वाचन चुकतं. गरम पाण्याने धुवून ठेवा.

---

अबोली | १७ मार्च, रात्री १०:२०

आणि ते एका थेंबावरून ब्रिक्स दाखवणारं, डोळ्याला लावून बघायचं रिफ्रॅक्टोमीटर? यजमान घ्यायचं म्हणताहेत.

---

टेकडीवरचा | १७ मार्च, रात्री १०:४५

चांगलं आहे, पण रेंज बघून घ्या. सॅपसाठीचं ० ते ३२ ब्रिक्सवालं असतं, त्यात सिरप दिसणारच नाही. आणि उकळता थेंब काचेवर टाकून लगेच वाचू नका. आपोआप तापमान जुळवतं असं लिहिलेलं असतं ते खोलीच्या आसपासच्या तापमानापुरतं. चमच्यात घेऊन झाकून निवू द्या, मग वाचा. उघडा ठेवलात तर त्यातलं पाणी उडून ब्रिक्स वाढतात. म्हणून पातेल्यापाशी मला ते उपयोगी पडत नाही, बाटली भरायच्या आधी तपासायला मात्र उत्तम.

आमच्याकडे व्हर्माँटमध्ये विकायचं सिरप किमान ६६.९ लागतं, कॅनडात ६६ चालतं. म्हणून इथले लोक पाण्याच्या ७.१ ऐवजी साडेसात वर जातात. वरची मर्यादा ६८.९. एवढ्या अरुंद पट्ट्यात बसायचं असतं.

---

पानगळ | १८ मार्च, रात्री ९:३०

आज पाणी उकळून बघितलं. ९९.६! आणि अजून एक सापडलं. प्रोबच्या टोकाला पांढुरका खरखरीत थर बसलाय, नखाने निघत नाही. याने फरक पडतो का?

---

उत्तरवारा | १८ मार्च, रात्री ९:५०

ती शुगर सँड. सॅपमधली खनिजं, मुख्यतः कॅल्शियमचं क्षार, आटवताना बाहेर पडतं. प्रोबवर थर बसला की तो उशिरा प्रतिसाद देतो, सिरप पुढे गेल्यावर आकडा दाखवतो. कोमट व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सुटेल. फक्त टोक बुडवा. वायर जिथे दांडीत शिरते तिथे ओल गेली तर प्रोब कायमचा बिघडतो, वाफेनेही जाते, त्यामुळे वापरतानाही तो सांधा वाफेच्या झोताबाहेर ठेवत चला.

---

पानगळ | १८ मार्च, रात्री १०:०५

ठेवला व्हिनेगरमध्ये. आता त्या दोन बिघडलेल्या घाण्यांचं काय करू? पातळ सव्वा लिटरच्या जरा आत आहे, खड्यांचं नऊशे मिली.

---

खटपट्या | १८ मार्च, रात्री १०:३०

पातळ फ्रिजमध्ये आहे ना? साडेत्रेसष्टला बाहेर ठेवलंत तर बुरशी धरेल किंवा आंबेल. वास, चव बघा. चांगलं असेल तर दोन्ही एकत्र करा! एक खाली, एक वर, मिश्रण ६६ च्या अगदी जवळ येईल. खडे मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, तळाला लागू देऊ नका, मग उकळी आणून हायड्रोमीटर.

---

पानगळ | २१ मार्च, रात्री ८:४५

केलं. आधी पाणी: १००.१. दोन्ही सिरपं एकत्र करून उकळी आणली तेव्हा प्रोबवर १०३.९ होतं, म्हणजे ३.८ वर. हायड्रोमीटर गरम रेघेच्या एक केस खाली. आणखी दोन-तीन मिनिटं ठेवलं, १०४.१ ला आच बंद केली, कप गरम करून घेतला, आणि रेघ बरोबर सिरपच्या पातळीला! बायकोला हाका मारून दाखवलं.

गरम असतानाच लोकरी फिल्टरमधून गाळलं, ८४ सेल्सिअसला बाटल्या भरल्या. एक शंका राहिली. शेवटची बाटली भरेपर्यंत सिरप ७६ वर आलं होतं, म्हणून परत तापवलं आणि ते जरा ९२ पर्यंत गेलं. त्या एका बाटलीत आता धूसर दिसतंय.

---

टेकडीवरचा | २१ मार्च, रात्री ९:१०

फार छान झालं! धूसर दिसतंय ती शुगर सँडच. गाळल्यानंतर ८८ च्या वर गेलं की ती नव्याने बाहेर पडते. बाटली उभी ठेवा, आठवड्यात तळाशी बसेल, वरचं नितळ वापरा. पुढच्या वेळी परत तापवायची वेळ आली तर तोच प्रोब भांड्यात ठेवा आणि ८५ ला आच बंद.

---

ओवी१२ | २१ मार्च, रात्री ९:२५

मी स्वयंपाकघरात कागद लावलाय: "आधी पाणी." उद्या माझा पहिला घाणा!

---

अबोली | २१ मार्च, रात्री ९:४०

मी पण उद्याच करतेय, यंदा थर्मामीटर लावून. ओवी, सकाळी पाणी कितीला उकळलं ते इथे टाक, माझं पण टाकते.